घरच्या सशाचा आहार : काय द्यावे, काय टाळावे
(शेतकरी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कृषिविद्येच्या माणसाने सशावर बोलावे, याचे तुमच्यापैकी काहींना नवल वाटेल. माझा विषय चारापिकांचा. पण सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या कोणत्याही गावात चाऱ्यावर बोलायला गेलो, लसूणघास झाला, मका झाला, कडवळ झाले, की मागच्या रांगेतून एक प्रश्न येतोच : "सर, पोरांनी ससे आणलेत, त्यांना काय घालायचं?" आणि त्यापाठोपाठ बहुधा दुसरे वाक्य येते : "मागची जोडी पंधरा दिवसांत गेली."

जोडी गेली, की लोक म्हणतात, ससा नाजूक जनावर, हवा मानवली नाही. हवेचाही थोडा भाग असतो. आपल्याकडचा एप्रिल-मे सशाला जड जातो. पण पंधरा दिवसांत मेलेल्या सशांच्या खाण्याची चौकशी केली, तर उत्तरे ठरलेली असतात. कोबीचा पाला, चपाती, बिस्किट, गाजर, थोडे दूध, पोरांनी प्रेमाने भरवलेला बेदाणा. ससा उपाशी मरत नाही, तो लाडाने मरतो. म्हणून आज त्याच्या पोटापासूनच सुरुवात करू.

सशाचे पोट कसे चालते

गाई-म्हशीचे पोट तुम्हाला माहीत आहे. चारा आधी कोठीपोटात जातो, तिथले सूक्ष्मजीव तो आंबवतात, जनावर रवंथ करते आणि मग तो पुढे सरकतो. सशाचे हे आंबवण्याचे भांडे पुढे नसून मागे आहे. लहान आतडे संपते तिथे एक मोठी पिशवी असते, तिला आंधळे आतडे म्हणतात. गवतातला पचायला अवघड भाग तिथे जातो आणि सूक्ष्मजीव त्यावर काम करतात. तयार झालेले सत्त्व ससा मऊ, द्राक्षाच्या घडासारख्या चिकटलेल्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर टाकतो आणि लगेच तोंड लावून परत खातो. हे बहुधा रात्री किंवा पहाटे चालते. ते पाहून कित्येकांना किळस येते आणि ते सशाला मारतात. तसे करू नका. ही त्याची रवंथच समजा. या लेंड्यांतून त्याला प्रथिने आणि ब गटातील जीवनसत्त्वे मिळतात.

आता गव्हाणीतली एक गोष्ट आठवा. म्हैस दावे सोडवून धान्याच्या पोत्याला लागली आणि पोटभर ज्वारी खाल्ली, तर काय होते? पोटात आम्ल वाढते, जनावर आडवे होते. सशाच्या बाबतीत एक चपाती म्हणजे तेच पोते. पिठूळ आणि गोड पदार्थ आंधळ्या आतड्यात पोहोचले, की तिथली चांगली वस्ती मोडते, नको ते जिवाणू वाढतात, वायू धरतो, हगवण लागते. लहान पिल्लू अशाने एका रात्रीत जाते. त्यात आणखी अडचण अशी, की सशाला उलटी करता येत नाही. एकदा गिळले ते पुढेच जाणार.

या साऱ्या यंत्राला चालते ठेवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे गवताचा लांब, चरबरीत धागा. हा धागा आतड्याला ढकलत ठेवतो. शिवाय सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात तर वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर वाढतात, आणि ते झिजतात गवत चावून. मऊ खाण्यावर वाढलेल्या सशाचे दात वाढून गालात-जिभेत रुततात, मग तो खाणे सोडतो. तेव्हा वाळके गवत हे सशाचे जेवण आणि बाकी सगळे तोंडीलावणे, असा हिशेब धरा. दिवसाच्या खाण्यात पाचापैकी चार वाटे वाळके गवत असावे आणि ते चोवीस तास त्याच्यापुढे असावे.

माणदेशाकडे पाहा

इथे आपल्या दोन जिल्ह्यांची गंमत आहे. कृष्णाकाठी कराड, वाळवा, पलूस भागात बारमाही हिरवळ. तिथला माणूस म्हणतो, माझ्याकडे चाऱ्याला काय तोटा? आणि तिकडे माण, खटाव, आटपाडी, जत भागातला माणूस म्हणतो, आमच्याकडे माळावरच्या वाळक्या गवताशिवाय काय आहे? मी सांगेन, सशाच्या दृष्टीने माणदेशाचा माणूस श्रीमंत आहे. पावसाळा संपताना कापून सावलीत वाळवलेले पवना, मारवेल, हरळी यांच्या तोडीचे खाणे दुकानात पैसे देऊनही सहज मिळत नाही. फक्त कुसळी गवत कुसळे धरण्याआधी कापावे; पिकलेली कुसळे तोंडात आणि डोळ्यांत घुसतात.

ज्वारीचा कडबा बहुतेक घरी असतो. त्याची पात आणि वरचा कोवळा भाग ससा आवडीने खातो, ताटाचा जाड बुडखा टाकून देतो. चालेल. पण कडबा पावसात भिजलेला, काळा पडलेला किंवा बुरशीचा वास येणारा नसावा. म्हैस जे नाक मुरडून खाते, ते सशाला देऊ नये.

ज्यांच्याकडे पाणी आहे आणि पाच-दहा ससे आहेत, त्यांनी रब्बीत ओट करावा. हा चारा प्रौढ सशाला सर्वांत चांगला मानवतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'फुले हरिता' किंवा जुना 'केंट' हे वाण आहेत. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत पेरणी करावी. हेक्टरी १०० किलो बियाणे लागते, म्हणजे गुंठ्याला एक किलो. निम्मे पीक फुलोऱ्यात आले, की कापून पातळ पसरावे, उलथापालथ करावी. रंग हिरवट राहून काडी मोडली की कडकन वाजली पाहिजे. चांगल्या ओलिताच्या पिकाला गुंठ्यात चारेकशे किलो हिरवा चारा मिळतो, तो वाळून ऐंशी ते शंभर किलो राहतो. दोन किलो वजनाचा ससा दिवसाला साधारण शंभर ग्रॅम वाळका चारा खातो आणि जवळजवळ तितकाच तुडवून वाया घालवतो. म्हणजे एका सशाच्या वर्षाच्या गवताला एक गुंठा बहुतेक पुरतो. सशावर खर्च फार होतो म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

लसूणघासाबद्दल मात्र वेगळे सांगायला हवे. (नावात लसूण असला, तरी लसणाशी त्याचा संबंध नाही, लसूण पुढे वर्ज्य यादीत येणार आहे.) लसूणघासात प्रथिने आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर. वाढत्या पिल्लांना आणि पिल्लांना पाजणाऱ्या मादीला तो उत्तम. पण सशाचे शरीर खाल्लेला चुना गरज असो-नसो शोषून घेते आणि जादा लघवीवाटे बाहेर टाकते. सहा-सात महिन्यांपुढच्या सशाला रोज लसूणघासच घातला, तर लघवी पांढरट, घट्ट, गाळासारखी होते आणि पुढे मूतखडा धरतो. प्रौढ सशाला तो आठवड्यातून एखाद-दोन वेळा, मूठभर आणि सुकवून द्यावा. शेवग्याच्या पाल्याचेही तसेच.

हिरवे काय द्यावे

हिरवा पाला द्यावा, पण किलोभर वजनामागे रोज एक मोठी मूठ, त्याहून जास्त नको. कोथिंबीर, पुदिना, तुळस, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला, जास्वंदीची पाने-फुले, पेरूची पाने, हरळी, बांबूची पाने हे सर्व चालते. मेथी चालते. पालक आणि चुका यांत ऑक्झॅलिक आम्ल असते, म्हणून कधीमधी दोन पानेच. कोबी आणि फ्लॉवर विष नाहीत, पण पोटात वायू धरतात. ज्या सशाला गवताची सवय नाही, त्याला कोबीवर ठेवणे म्हणजे आजाराला आवतण. पेरूची, बोराची फांदी कुरतडायला द्यावी. दातांचे काम होते आणि पिंजऱ्याचे लाकूड वाचते.

नवीन पाला एका वेळी एकच आणि चिमूटभर द्यावा. लेंड्या घट्ट राहिल्या, तर आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावा. पावसाळ्यात ओले गवत ढीग करून ठेवले, की ते आतून तापते. असे तापलेले गवत देऊ नये. सावलीत दोन-चार तास पसरून, पाणी निथळल्यावर द्यावे. पिंजऱ्याच्या तळाशी न टाकता बाजूला जाळीत अडकवावे, म्हणजे त्यावर लेंड्या-लघवी पडत नाही आणि रक्ती हगवणीचे जंतू पोटात जाण्याचा धोका कमी होतो.

आता गाजर. चित्रांच्या पुस्तकांतल्या सशाच्या हातात गाजर असते आणि महाबळेश्वरला गेलेले प्रत्येक कुटुंब तिथून गाजरांची जुडी आणते. जुडीचा पाला सशाला द्या आणि गाजर तुम्ही खा. गाजरात साखर असते. करंगळीच्या पेराएवढा तुकडा आठवड्यातून दोनदा पुरे. स्ट्रॉबेरी, सफरचंद, केळे, पपई यांचेही तेच, चमचाभर तुकडा. सफरचंदाची बी काढून टाकावी. तासगावचा बेदाणा म्हणजे निम्म्याहून जास्त साखरच, तो सशापुढे नेऊच नये. गुळाचा खडा आणि उसाचे कांडेही नको. उसाचे वाढे म्हणाल, तर त्यात ऑक्झॅलेट जास्त आणि पात कापणारी. जनावरांना वाढे घालताना आपण चुन्याची निवळी देतो ती याचसाठी. सशाच्या रोजच्या चाऱ्यात वाढ्याला जागा नाही.

काय टाळावे

स्वयंपाकघरातून सुरुवात करू. भाकरी, चपाती, भात, पाव, बिस्किट, चुरमुरे, शेंगदाणे, मक्याचे दाणे नकोत. दूध नको. सशाची आई दिवसातून एकदाच, तीही काही मिनिटे पाजते आणि तिचे दूध गाईच्या दुधाहून कितीतरी घट्ट असते. गाईचे दूध त्याची भरपाई करत नाही. बाजारात डोळे उघडून आठवडा-दीड आठवडा झालेली पिल्ले विकायला ठेवतात. ती घेऊच नयेत. दोन महिने पुरे झालेले, गवत खायला लागलेले पिल्लू घ्यावे आणि विकणाऱ्याने जे खाऊ घातले, तेच पहिले आठ दिवस चालू ठेवून मग बदल करावा.

कांदा, कांद्याची पात आणि लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. बटाट्याचा पाला, हिरवट साल आणि मोड, टोमॅटो व वांग्याचा पाला विषारी. कोरेगावचा घेवडा आपण शिजवून खातो म्हणून बाधत नाही. त्याचे कच्चे दाणे सशाला घातक. चॉकलेट आणि चहाचा चोथा यांचे तर नाव नको.

गोठ्यातले खाद्य ही आणखी एक खोड. पशुखाद्यात युरिया असू शकतो, तो रवंथ करणाऱ्या जनावराच्या कामाचा, सशाच्या नाही. युरिया प्रक्रिया केलेला कडबा आणि मुरघासही तसेच. कोंबडीखाद्यात रक्ती हगवणीविरुद्ध जी औषधे मिसळतात, त्यांतली सॅलिनोमायसिनसारखी काही सशाला मारक ठरतात. भुईमुगाचा नीट वाळलेला पाला थोडा चालेल, पेंड मात्र नको. तिच्यात बुरशीचे अफ्लाटॉक्सिन असण्याची शक्यता असते आणि ते सहन न होणाऱ्या प्राण्यांत ससा फार वरच्या क्रमांकावर आहे. सशासाठी तयार मिळणाऱ्या गोळ्या द्यायच्या, तर प्रौढाला किलो वजनामागे दिवसाला २५ ग्रॅमपर्यंत. गवत चांगले असेल, तर त्याही अडून बसत नाहीत.

बांधावरच्या वनस्पतींपैकी कण्हेर, पिवळी कण्हेर, रुई, धोतरा, एरंड, घाणेरी, गाजरगवत, बेशरम, सीताफळाची पाने आणि बिया या पूर्ण वर्ज्य. धोतऱ्याच्या जातीचे विष काही सशांना बाधत नाही, कारण ते मोडणारे द्रव्य त्यांच्या रक्तात असते. पण ते सगळ्या सशांत नसते आणि आपल्या सशात आहे की नाही, हे पाहून ओळखता येत नाही. सुबाभळीत मायमोसिन असते, जास्त दिल्यास केस झडतात. गिरिपुष्पाच्या शास्त्रीय नावाचा अर्थच उंदीरमारी असा आहे. तो पाला खतासाठी ठेवावा. कोवळी ज्वारी, पाण्याच्या ताणावर खुरटलेले कडवळ आणि कापणीनंतरचे धाटाचे फुटवे यांत सायनाइडचे विष असते. जनावराला किराळ लागते म्हणतो ते हेच. नीट वाळलेल्या कडब्यात ही भीती राहत नाही.

फवारणीचा प्रश्न

यादीतली झाडे माणूस लक्षात ठेवतो. मला अधिक काळजी वाटते ती चांगल्या पाल्यावरच्या फवाऱ्याची. वाळव्याकडे एका शेतकऱ्याने मला विचारले, की द्राक्षाचा पाला ससा किती आवडीने खातो, तरी तीन जोड्या का गेल्या? द्राक्षाचे पान मुळात सशाला वाईट नाही. पण ऑक्टोबर छाटणीनंतर विरळणीत खुडलेल्या पानावर बोर्डो मिश्रणाचे तांबे असते, त्याशिवाय बुरशीनाशके आणि कीटकनाशके. दोन किलोच्या जिवाला एवढा डोस कसा झेपणार? तासगाव, मिरज, पलूस भागात न फवारलेले द्राक्षपान सापडणे कठीण, तेव्हा तो पाला सशासाठी नाहीच, असे समजावे. बाजारातून आणलेल्या कोबी-फ्लॉवरची बाहेरची पाने, जी आपण स्वतः टाकून देतो, ती सशापुढे टाकणे हाही तसाच प्रकार.

उसाच्या पट्ट्यात बांधावर तणनाशक मारतात. मारल्यावर गवत लगेच पिवळे पडत नाही. दोन-तीन दिवस ते हिरवेच दिसते आणि नेमके तेव्हा पोरे कापून आणतात. म्हणून गवताचा एक वाफा किंवा परसातला कोपरा सशासाठी राखावा. तिथे पंप फिरणार नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे.

फिप्रोनिल हे नाव वेगळे लक्षात ठेवा. उसाच्या खोडकिडीला ते दाणेदार स्वरूपात टाकतात, आणि कुत्र्याच्या गोचिडांवरच्या काही औषधांतही ते असते. कुत्र्याला चालले, म्हणून सशाच्या पिसवांवर लावू नये. ससे त्याने मरतात. औषधांतही तीच सावधगिरी : अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन ही तोंडावाटे दिलेली प्रतिजैविके सशाच्या आंधळ्या आतड्यातली वस्ती मारतात. घरातले मुलांचे पातळ औषध चमच्याने पाजणे म्हणजे बऱ्या होणाऱ्या सशाला घालवणे.

पाणी आणि लेंड्या

"ससा पाणी पीत नाही, पाणी पाजले तर मरतो," ही समजूत मी दोन्ही जिल्ह्यांत ऐकली आहे. ती साफ खोटी आहे. वाळके गवत खाणाऱ्या सशाला किलो वजनामागे दिवसाला शंभर मिलिलिटरच्या आसपास पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. जड मातीचे किंवा चिनी मातीचे भांडे ठेवावे, म्हणजे कलंडत नाही. उन्हाळ्यात दुपारी ससा खात नाही. गवताची मोठी पेंढी सूर्य कलल्यावर आणि पहाटे टाकावी. त्याचा खाण्याचा वेळ तोच आहे.

रोज सकाळी पिंजऱ्याखालच्या लेंड्या पाहाव्यात. वाटाण्याहून थोड्या लहान, गोल, सारख्या आकाराच्या, फोडल्यावर आत गवताचा भुसा दिसणाऱ्या असाव्यात. लहान, काळ्या, कमी होऊ लागल्या, तर पाला-फळे-गोळ्या बंद करून फक्त गवत आणि पाणी ठेवावे. ससा बारा तास काहीच खात नसेल, कोपऱ्यात दबून बसला असेल, दात करकरत असेल किंवा पातळ हागत असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये; जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. नेताना गेल्या दोन दिवसांत काय काय खाऊ घातले ते सांगावे, पोरांनी लपून दिलेल्या बिस्किटासकट, आणि त्या पाल्याची एक काडी व ताज्या लेंड्या पुडीत बांधून सोबत न्याव्यात.

शेवटी एक कायद्याची बाब, कारण तोही प्रश्न येतो. ऊसतोडीच्या वेळी फडात रानसशाची पिल्ले सापडतात आणि ती घरी आणून पाळतात. रानससा ही वेगळी जात आहे. त्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे. पकडणे, पाळणे गुन्हा ठरतो. शिवाय त्याची पिल्ले माणसाच्या हाती बहुधा जगत नाहीत. डोळे उघडे आणि अंगावर केस असलेले पिल्लू दिसले, तर त्याला हात न लावता फडाच्या कडेला, झुडपाच्या आडोशाला राहू द्यावे. त्याची आई दिवसभर दूर असते आणि अंधार पडल्यावर पाजायला येते.